हिराताईंची कात्री

हिराताई घरतांना मी पहिल्यांदा पाहिलं ते कोपरखैरण्याच्या बाजारात, कोंबडीच्या तंगड्यांवरून दुकानदाराशी हुज्जत घालताना. मी हॉस्पिटलात रुजू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. प्लास्टिक सर्जरी शिकायला आलेल्या नव्या डॉक्टरने आधी हिराताईंबरोबर बाजारात जायचं, अशी आमच्या विभागाची पद्धत होती. का, ते कोणी सांगत नसे. ताई एकेक तंगडी उचलून उजेडात धरत, मांडीच्या आतल्या अंगाने बोट फिरवत आणि मान हलवून परत ठेवत. दुकानदार ओळखीचाच होता. तो म्हणाला, "ताई, रस्सा करायचाय का हिचं लग्न जमवायचंय?"

"ऑपरेशन हाय हिचं," ताई म्हणाल्या. "तू सुरा जरा वरून मारत जा. नस तुटते."

सहा तंगड्या घेऊन आम्ही परतलो. वाटेत त्यांनी मला सांगितलं की कोंबडीच्या मांडीतली रक्तवाहिनी साधारण एक मिलिमीटर जाडीची असते. माणसाच्या बोटातलीही तेवढीच. "म्हनून आदी कोंबडी. मंग मानूस."

आमची सरावाची प्रयोगशाळा चौथ्या मजल्यावर, ग्रंथालयाच्या मागे होती. तीन सूक्ष्मदर्शक, प्रत्येकाला समोरासमोर डोळे लावायच्या दोन जागा. एका बाजूला शिकणारा डॉक्टर, दुसऱ्या बाजूला ताई. डॉक्टरांना चाकाच्या खुर्च्या होत्या. ताईंचं लाकडी स्टूल होतं आणि त्या ते बदलू देत नसत. चाक आलं की माणूस हलतो, असं त्यांचं म्हणणं.

ताई बोनकोड्याच्या, शिक्षण दहावी. हॉस्पिटलात त्या मदतनीस म्हणून लागल्या होत्या. आमचे विभागप्रमुख करंदीकर सर हाताचे सर्जन. त्यांनी ही प्रयोगशाळा उभारली तेव्हा ताईंचं काम भिंगं पुसायचं आणि कोंबड्या आणायचं. सर एकटे सराव करायचे आणि ताई काम संपलं की समोरच्या जागेला डोळे लावून बघत बसायच्या. अशी दोन वर्षं गेली. एकदा सर रक्तवाहिनी अर्धवट शिवून तातडीच्या कामाला खाली गेले. परत आले तर शिवण पूर्ण झालेली. कोणी केलं, म्हणून त्यांनी विचारलं. ताईंनी मला हे सांगितलं तेव्हाही त्यांचा आवाज जरा खाली गेला होता. नोकरी गेली, असंच त्यांना वाटलं होतं. सरांनी बारीक कात्री घेतली, शिवलेली नस उभी कापली, पुस्तकासारखी उघडली आणि आतून बघितली. बराच वेळ बघितली. मग म्हणाले, "उद्यापासून तुम्ही शिवा, मी बघतो."

ती कात्री सरांनी त्यांनाच दिली. तेव्हापासून ताईंची रीत पडली. शिवण संपली की त्या समोरून कात्री पुढे करायच्या. आपलं काम आपणच कापायचं. उघडायचं. आत बघायचं.

या शिवणकामाची ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. यातला धागा केसापेक्षा बारीक असतो. टेबलावर पडला तर नुसत्या डोळ्यांनी सापडत नाही. सुई म्हणजे पापणीच्या केसाचा वाकलेला तुकडा. श्वास जोरात सुटला तरी धागा उडतो. एक मिलिमीटरच्या नळीची दोन तोंडं समोरासमोर आणायची आणि भोवतीने साधारण आठ टाके घालायचे. नळी चिमट्याने कचकन धरली तर आतलं अस्तर दुखावतं आणि तिथे रक्त गोठतं. म्हणून बाहेरचा पातळ पापुद्राच तेवढा चिमटीत घ्यायचा. पाठ्यपुस्तकात यावर दोन परिच्छेद आहेत. ताई सांगायच्या, "सदऱ्याला धर, मानसाला नको."

त्यांचं बोलणं असं असायचं. भीतीने कोणी जास्तीचा टाका घातला की त्या म्हणायच्या, "आठ म्हनजे आठ. नववा टाका भीतीचा असतो." धाग्याचं शेपूट थरथरताना दिसलं की विचारायच्या, "आज कोनाशी भांडून आलीस?" आणि बहुतेक वेळा कोणीतरी भांडून आलेलंच असायचं. खुर्चीवर बसलेल्या कोणालाही त्या अरेतुरे करत. एकदा पन्नाशीचे एक सर्जन सरावाला आले होते. ताई त्यांनाही म्हणाल्या, "कोपर टेकव, बाला." त्यांनी मुकाट टेकवलं.

एकदा एका वर्तमानपत्राची मुलगी त्यांच्यावर लिहायला आली. खाडीकाठच्या गावची बाई, बारीक शिवण; तिने मनात लेख आधीच जुळवला होता. तिने विचारलं, लहानपणी वडील जाळी विणायचे, त्यातून हे आलं असेल ना? ताई म्हणाल्या, "बाबा केमिकल कंपनीत होते. जाली काका विनायचा, आन् मी हात लावला का मारायचा." मुलगी हिरमुसली. ताईंना वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी तिला खुर्चीवर बसवून रबरी हातमोज्याच्या तुकड्यावर एक टाका घालायला लावला. तो तासभर चालला. लेख कधी आला नाही, पण ती मुलगी जाताना खूश होती.

मी जिंतूरची. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये, आई कधी शाळेत गेली नाही. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. शाळेत माझं अक्षर चांगलं होतं आणि नीटनेटकं काम केलं की शाबासकी मिळते, एवढंच मी शिकून आले होते. अकराव्या दिवशी माझी एक नस फार सुंदर शिवली गेली. आठही टाके सारख्या अंतरावर, गाठी एका रेषेत. मी मान वर करून ताईंच्या तोंडाकडे बघितलं. त्यांनी कात्री पुढे केली.

कापून उघडलं तर एक धागा पुढच्या भिंतीतून निघून मागच्या भिंतीत गेला होता. नळीचं तोंड आतून शिवलं गेलं होतं. त्यातून थेंबभर रक्तही पुढे गेलं नसतं. या कामातली ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती बाहेरून दिसत नाही.

"भायेरून सगलं चांगलंच दिसतं," ताई म्हणाल्या. मग विचारलं, "पाचव्या टाक्याला सुई जड लागली असंल?"

लागली होती. किंचित. पुढच्या भिंतीतून सुई जाते तेव्हा जेवढी लागायला हवी त्यापेक्षा जरा जास्त.

"मंग तवाच का नाय थांबलीस?"

मला वाटलं माझाच भास असेल, असं मी सांगितलं.

"हाताला भास होत नाय, बाय. भास डोक्याला होतो."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यावर एवढंच म्हणाल्या की ते भिंगावर पडू देऊ नकोस, डाग जात नाही.

आतून स्वच्छ अशा दहा रक्तवाहिन्या लागोपाठ झाल्या की मगच ताई सरांना सांगत की हिला आता माणसाजवळ नेलं तरी चालेल. मध्ये एक बिघडली तर परत पहिल्यापासून. सर त्यांच्या शब्दाबाहेर जात नसत. माझ्या सात झाल्या आणि तेव्हाच ते प्रकरण घडलं.

आमच्याकडे दोन दिवसांची कार्यशाळा होती. मुंबईहून एक मोठे सर्जन प्रात्यक्षिक दाखवायला आले होते. त्यांचं या क्षेत्रात नाव होतं आणि हातही खरोखर देखणा होता. मोठ्या पडद्यावर आम्ही चौदा-पंधरा जण बघत होतो. त्यांनी शेवटची गाठ मारली, टाळ्या झाल्या आणि समोर बसलेल्या ताईंनी रोजच्यासारखी कात्री पुढे केली.

सर्जन हसले. "मलाही?"

"सगल्यांनाच," ताई म्हणाल्या.

त्यांनी कापलं. पडद्यावर सगळ्यांना दिसलं. एक टाका मागच्या भिंतीत गेला होता. ताईंना त्यांचा अपमान करायचा नव्हता. त्या अगदी सरळ आवाजात म्हणाल्या, "होतं, सर. सगल्यांचं होतं. म्हनून तर कापायचं." सर्जनांनी कात्री ट्रेमध्ये ठेवली आणि हातमोजे काढले.

पंधरा दिवसांनी वरून लेखी आदेश आला. वैद्यकीय पात्रता नसलेल्या कर्मचाऱ्यांनी डॉक्टरांना शिकवू नये, त्यांच्या कामाची तपासणी करू नये. साफसफाई व साहित्यपुरवठा एवढंच त्यांचं काम राहील. त्यात नाव कोणाचं नव्हतं, पण अशी व्यक्ती इमारतीत एकच होती. ताईंनी तो कागद उभ्याने, बोट ठेवून, पूर्ण वाचला. घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवला, त्यावर कात्री ठेवली आणि ड्रॉवर लावला. मग स्वतःचं स्टूल उचलून दाराशी नेलं.

करंदीकर सरांनी पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. सर चिडले होते, पण ताई चिडल्या नाहीत आणि तेच आम्हाला बघवत नव्हतं. त्यांनी आदेश जसाच्या तसा पाळला. समोरच्या जागेला डोळे लावणं बंद केलं. तिथे त्यांनी टोपी चढवली, धूळ बसू नये म्हणून. काही विचारलं तर छताकडे बोट दाखवत. वरच्यांना विचारा. दाराशी बसून फडक्यांच्या घड्या घालत. फक्त कधी कोणाचा हात फारच थरथरायला लागला तर म्हणत, "जा, खाली जाऊन चहा पिऊन ये." चहा पिऊ नका, असं काही आदेशात लिहिलेलं नव्हतं.

माझ्या सात झालेल्या होत्या आणि आता मोजणारं कोणी नव्हतं. मी काय करायचं? मी दुसरी एक कात्री घेतली, आठवी नस शिवली, कापली आणि उघडून काचेच्या पट्टीवर ठेवली. ती पट्टी दाराजवळच्या खिडकीत, ताईंच्या हाताशी ठेवून दिली आणि परत जागेवर येऊन बसले. थोड्या वेळाने ताई खिडकी पुसायला उठल्या. पुसून झाल्यावर पट्टी खिडकीच्या उजव्या कोपऱ्यात होती. दुसऱ्या दिवशीची पट्टी कचऱ्याच्या डब्यात गेली. मला वाटलं होतं ती चांगली होती. डब्यातून काढून परत सूक्ष्मदर्शकाखाली धरली तेव्हा कळलं. अस्तराला चिमटा लागला होता. माणसाला धरलं होतं, सदऱ्याला नव्हे.

मी परत पहिल्यापासून सुरुवात केली. नुसत्या डोळ्यांनी, दारातल्या उजेडात, त्यांना काय दिसायचं देव जाणे. पण त्या चुकल्या नाहीत. ज्या दिवशी उजव्या कोपऱ्यात दहावी पट्टी सरकली त्या दिवशी ताईंनी फडकं पिळलं, दोरीवर टाकलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आज आईला फोन कर." मी जुईनगरच्या खोलीवर जायची वाट पाहिली नाही. जिन्यातूनच केला. आईला काय झालं ते नीट समजलं नाही, पण ती म्हणाली, "त्या बाईला आपल्याकडे बोलाव."

सरांना कोणी सांगितलं ते मला माहीत नाही. मी सांगितलं नव्हतं.

आठवड्याभराने सकाळी अकराच्या सुमाराला वनिता आली. जासईची, पंचवीस-सव्वीसची, तुर्भ्याला पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात कामाला. कागद कापायच्या यंत्राखाली तिचा उजवा अंगठा बुडातून तुटला होता. बरोबरच्या बायकांनी डोकं शांत ठेवलं होतं. अंगठा ओल्या फडक्यात, फडकं प्लास्टिकच्या पिशवीत आणि पिशवी मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यात बर्फावर. सर म्हणाले, एवढं नीट तर डॉक्टरसुद्धा पाठवत नाहीत. टेबलावर घेईपर्यंत वनिता एकच विचारत होती. भाकरी थापता येईल का?

सरांनी हाड तारेने जोडलं, स्नायूची दोरी शिवली. मग मान चोळत म्हणाले, "रक्तवाहिनी तू शीव." मी शिवली. आठ टाके. रक्त अडवून धरणारा चाप काढला आणि पांढरा पडलेला अंगठा गुलाबी झाला. भूल देणाऱ्या मॅडमसुद्धा उठून बघायला आल्या.

पाच-सात मिनिटांनी तो गुलाबी रंग उतरायला लागला. फार नाही. नख जरा फिकट, जरा जांभळट. सर म्हणाले, नस आकसली असेल, होतं असं. कोमट सलाईन सोड, थांबून बघू. तसं खरंच होतं. सगळ्यांना तेच खरं असायला हवं होतं, मलाही. पण सहाव्या टाक्याला सुई जड लागली होती. किंचित. आणि मी परत स्वतःशी म्हटलं होतं की भास असेल.

"सर," मी म्हटलं, "मला कापायचंय."

सरांनी सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली. चांगली दिसणारी शिवण उलगडायची म्हणजे दोन्ही तोंडं छाटायची, नळी आणखी आखूड करायची आणि दुसऱ्यांदा बिघडली तर तिसरी संधी बहुधा नाही. त्यांनी मला कारण विचारलं नाही. नर्सला म्हणाले, "कात्री द्या हिला."

आत धागा आडवा गेला होता आणि त्याला रक्ताची बारीक गुठळी लटकायला लागली होती. आणखी थांबलो असतो तर अंगठा गेला असता. छाटून परत आठ टाके घातले. या वेळी एकही सुई जड लागली नाही. दुपार टळता टळता रंग आला आणि राहिला.

मी कपडे बदलून चौथ्या मजल्यावर गेले तेव्हा ताई सूक्ष्मदर्शकांवर झाकणं घालत होत्या. बातमी आधीच वर पोचली होती. त्यांनी अंगठ्याचं विचारलं नाही.

"कितव्या टाक्याला?"

"सहाव्या."

"जड लागली?"

"हो."

"मंग?"

"कापली."

ताई खिडकीकडे वळल्या. तिथे पुसण्यासारखं काही नव्हतं, तरी बराच वेळ काच पुसत राहिल्या. मग विचारलं, सर काय बोलले. मी सांगितलं, सर म्हणाले, ही हिराची पोरगी. "उगाच कायपन बोलतात," ताई म्हणाल्या, पण हे तीनदा म्हणाल्या.

सोमवारच्या बैठकीत सरांनी पडद्यावर दोन फोटो दाखवले. एक उघडलेल्या नसेचा, आतल्या धाग्यासकट. दुसरा गुलाबी अंगठ्याचा. सर भाषण करणाऱ्यांतले नाहीत. "ही शिवणाऱ्या डॉक्टरने चूक केली," ते म्हणाले. "चूक सगळ्यांची होते. हिने ती दहा मिनिटांत ओळखली आणि तोंडाने कबूल केली. हे मी शिकवलेलं नाही. जिने शिकवलं ती आपल्या आदेशाने सध्या दाराशी बसून फडक्यांच्या घड्या घालतेय."

वैद्यकीय अधीक्षकांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, आलेला आदेश मला मागे घेता येणार नाही. मग चष्मा परत लावत म्हणाले, पण कोणी कुठल्या स्टुलावर बसायचं, याबद्दल त्यात काही लिहिलेलं मला आठवत नाही.

त्या दुपारी करंदीकर सरांनी ते लाकडी स्टूल स्वतः उचलून दारापासून सूक्ष्मदर्शकापर्यंत आणलं. ताई म्हणत होत्या, सर, ठेवा, मी घेते. सरांनी ऐकलं नाही. समोरच्या जागेवरची टोपीही त्यांनीच काढली. आदेशाचा कागद अजून त्या ड्रॉवरमध्येच आहे. मुंबईचे ते सर्जन परत आले नाहीत. पण पुढच्या तुकडीत त्यांचे दोन शिकाऊ डॉक्टर आले. त्यातला एक पहिल्याच दिवशी म्हणाला, सरांनी सांगितलंय, ताईंनी कापायला लावल्याशिवाय परत येऊ नका. ताईंनी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "कोपर टेकव."

मी आता दुसऱ्या हॉस्पिटलात आहे. ताईंना अधूनमधून भेटते. पण त्यांची आठवण निघाली की मला डोळ्यांपुढे येतो तो एकच दिवस, माझ्या तिथल्या शेवटच्या महिन्यातला.

वनिता तपासायला आली होती. अंगठा जरा आखूड होता, जरा ताठ होता, पण होता. तिने डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणल्या होत्या, कडा एका बाजूने वेड्यावाकड्या. तिने विचारलं, हे शिवायला कोण शिकवतं? मी तिला चौथ्या मजल्यावर घेऊन गेले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ताईंनी आजवर अशी शिवण झालेला एकही रुग्ण पाहिलेला नव्हता. प्रयोगशाळेचं काम प्रयोगशाळेत. ऑपरेशन झालेलं माणूस वर कशाला येईल?

दोघी आधी अवघडल्या. मग जासईत कोण कोणाचं ते निघालं आणि दोन मिनिटांत नातं लागलं. ताईंनी भाकरी घेतली, वेड्यावाकड्या कडेवरून बोट फिरवलं, बाजूला ठेवली. हात धुतले. मग म्हणाल्या, "जरा हात दे गो तुजा."

त्यांनी वनिताचा अंगठा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, कोंबडी ठेवायच्या त्याच जागी, आणि स्वतः डोळे लावले. बोथट चिमट्याने नख हलकेच दाबलं. पांढरं झालं. सोडलं. रंग परत आला. परत दाबलं. परत सोडलं. मला वाटलं आता बास करतील. ताई दाबत होत्या, सोडत होत्या.

"मावशी, मुंग्या येतात," वनिता हसायला लागली.

"येऊं दे," ताई म्हणाल्या. डोळे वर केले नाहीत. "एकोनीस वरसं मी मेलेल्याच नशी बगतेय, बाय."

मी दाराशी उभी होते, जिथे मधल्या काळात त्यांचं स्टूल होतं तिथे. ताईंनी मान न उचलता एका हाताने समोरच्या रिकाम्या जागेकडे खूण केली. मी जाऊन बसले आणि डोळे लावले. समोर वनिताचं नख होतं, भिंगाखाली ताटाएवढं. ताईंनी चिमटा टेकवला. नख पांढरं पडलं. मग एका कडेकडून गुलाबी चढत आलं.

"बग," ताई म्हणाल्या. "आलं."